शेरू ९ वर्षांचा, चकली ९ आठवड्यांची

जुलैमध्ये धो धो पाऊस चालू असताना पार्किंगमधल्या एका बंद पडलेल्या स्कूटरखाली एक पिल्लू सापडलं, गावठी, मादी, शेपटी अशी वळलेली की नाव शोधायला दोन मिनिटंपण लागली नाहीत, चकली. घरात आधीच शेरू, लॅब्रॅडॉर, वय वर्षं ९, कंबर धरलेली, दुपारी पंख्याखाली आडवं पडणे हा मुख्य व्यवसाय. आई म्हणाली "अगं म्हातारपणी त्याच्यावर सवत आणलीस!" आणि बाकी सगळ्यांनी एकच सांगितलं, तू काही टेन्शन घेऊ नको, मोठा कुत्रा आहे ना घरात, तोच शिकवेल तिला सगळं.

हे "मोठा शिकवेल" जे आहे ना, ते अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात लोक जाम फसतात, मीही फसले. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी गुरगुरण्याचं बोलू, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी चकली शेरूच्या कानाला लोंबकळत होती आणि तो गुरगुरला. मी लगेच ओरडले, "शेरू! लहान आहे ती!" दोन-तीनदा असं झालं. मग तो गुरगुरायचा थांबला, मला वाटलं वा, शहाणं बाळ आहे माझं. आणि मग एक दिवस काहीही आवाज न करता तो सरळ तिच्या तोंडावर खेकसून धावून गेला, दात लागला नाही पण चकली केकाटत सोफ्याखाली, आणि माझे हातपाय गार. वेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे, गेल्यावर कळलं की गुन्हेगार मीच होते.

झालंय असं की कुत्र्याचं "नको" हे एकदम चावण्यापासून सुरू होत नाही, त्याच्या पायऱ्या असतात. पहिल्यांदा तो मान दुसरीकडे वळवतो. झोप आलेली नसताना जांभई देतो, समोर खायला काही नसताना ओठ चाटतो. मग उठून दुसरीकडे जातो. तरी पिल्लू मागे आलंच तर अंग ताठ होतं, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो, कारण डोकं एकीकडे आणि नजर पिल्लावर. मग गुरगुर, मग ओठ वर करून दात दाखवणं, मग हवेत चावा, आणि सगळ्यात शेवटी खरा चावा. गुरगुर म्हणजे भांडण नाही, भांडण टाळायचा प्रयत्न आहे. आपण त्याच्यावर ओरडलो की त्याचा राग जात नाही, फक्त मधली पायरी जाते. शेरूने माझं ऐकून ती पायरी गाळली आणि पुढच्या पायरीवर उडी मारली, एवढंच.

तेव्हापासून घरात नियम उलटा केला. शेरूने मान वळवली किंवा जांभई दिली की चकलीला उचलायचं किंवा खेळणं दाखवून दुसरीकडे न्यायचं. म्हणजे त्याला गुरगुरायची वेळच येऊ द्यायची नाही, आणि आलीच तर त्याला न रागावता चकलीला बाजूला करायचं. साधारण दोन आठवड्यात शेरूला कळलं की आपण नुसतं तोंड फिरवलं तरी बाई येऊन सोडवते, आणि तो इतका निवांत झाला की मग स्वतःहून खेळायला लागला. आधी नाही लागला, हां. पिल्लाचं ट्रेनिंग म्हणजे निम्मं म्हाताऱ्याची बाजू घेणं आहे, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आता त्या अर्ध्या खऱ्या भागाकडे येऊ. मोठा कुत्रा नक्की काय शिकवतो? तर कुत्र्यांची भाषा, आणि चावण्याचं मोजमाप. पिल्लाचे दूधदात २८ असतात आणि सुईसारखे टोकदार असतात, पण जबड्यात जोर नसतो. भावंडांशी आणि मोठ्यांशी खेळताना जोरात चावलं की समोरचा केकाटतो किंवा खेळ बंद करून निघून जातो, त्यावरून पिल्लाला कळतं की एवढा जोर चालतो आणि एवढा नाही. चौथ्या महिन्याच्या आसपास दात बदलायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात, आणि तोपर्यंत हे मोजमाप डोक्यात बसलेलं असलेलं बरं. चकली फार लहानपणी भावंडांपासून तुटली होती, तिला हा धडा शेरूकडूनच मिळाला. माझ्या हाताकडून कमी, त्याच्या कानाकडून जास्त.

बघून बघून पण शिकतात. आपल्याकडे म्हणतातच, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. यावर खरंच संशोधन झालंय. दक्षिण आफ्रिकेत पोलिसांच्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अमली पदार्थ शोधणाऱ्या कुत्रींच्या पिल्लांना ६ ते १२ आठवड्यांच्या वयात आईचं काम नुसतं बघू दिलं, आणि सहा महिन्यांची झाल्यावर तीच कामगिरी ही पिल्लं न बघितलेल्या पिल्लांपेक्षा चांगली करत होती. २०१८ मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी दाखवलं की ८ आठवड्यांची पिल्लं खाऊची पेटी कशी उघडायची हे दुसऱ्या कुत्र्याला बघून शिकतात, माणसाला बघूनही शिकतात.

पण गुण लागतो म्हणजे फक्त चांगलाच लागतो असं कुठे आहे. चकली शेरूकडून पहिल्या महिन्यात काय शिकली सांगू? बेल वाजली की भुंकायचं. कुकरची शिट्टी झाली की किचनच्या दारात जाऊन बसायचं. आणि भाजीवाल्याच्या हाकेला गळा काढायचा. शी-शू कुठे करायची हे मात्र अजिबात शिकली नाही, कारण ते बघून शिकायचं काम नाहीच, ते शरीराचं काम आहे. पिल्लाला धरून ठेवता येतं साधारण वयाच्या महिन्यात एक मिळवला तितके तास, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम तीन तास, तेही झोपेत. जागं असताना त्याहून कमी. झोपून उठल्यावर, खाऊन झाल्यावर आणि खेळ थांबल्यावर, या तीन वेळा उचलून ठरलेल्या जागी न्यायचं, केलं की तिथल्या तिथे खाऊ द्यायचा, चुकून हॉलमध्ये केलं तर गुपचूप पुसायचं. नाक घासणे वगैरे जे जुने प्रकार आहेत त्यातून पिल्लू एकच शिकतं, की माणसासमोर शू करायची नाही, सोफ्यामागे जाऊन करायची.

ट्रेनिंगचा आणखी एक मुद्दा, दोन कुत्रे असले की सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. दोघांना एकत्र उभं करून "बस, बस" केलं की मोठा बसतो, पिल्लू त्याच्याकडे बघून बसतं, आणि आपण खूश. मग एक दिवस शेरू नसताना मी चकलीला बस म्हटलं तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली जणू मी तमिळ बोलतेय. ती शब्दावर बसतच नव्हती, शेरूच्या बुडावर बसत होती! म्हणून शिकवायचं वेगळं, दार लावून, एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. आधी नाव: नाव घेतलं, तिने बघितलं, खाऊ. मग बस, मग इकडे ये, मग सोड. एकटीला नीट जमायला लागलं की मग दोघांना एकत्र, आणि तेव्हा आधी नाव मग शब्द, "चकली, बस", आणि जो आपली पाळी येईपर्यंत चटईवर शांत थांबलाय त्यालाही थांबण्याचा खाऊ. (आपल्या भाषेत एक गंमत आहे, मी फोनवर "बस झालं आता" म्हटलं की दोघंही बसतात. ज्यांनी अजून शब्द ठरवले नसतील त्यांनी दुसरा काहीतरी शोधा.)

वेगळं शिकवण्यामागे अजून एक कारण आहे. पिल्लू चोवीस तास मोठ्या कुत्र्याला चिकटून राहिलं तर त्याचं सगळं जग तो कुत्रा होतो, माणूस म्हणजे नुसता जेवण वाढणारा. मग हाक मारली तर येत नाही, मोठा वेटकडे गेला की घर डोक्यावर घेतं, आणि शेरू ९ वर्षांचा आहे हे विसरून कसं चालेल, तो कायमचा थोडीच असणारे. म्हणून रोज थोडा वेळ वेगळ्या खोल्यांत, आणि निदान एक फेरी वेगळी. शेरूलाही त्याची एकट्याची फेरी मिळते, हळूहळू, प्रत्येक खांब वाचत वाचत.

बरं, पहिली भेट. सगळीकडे सांगतात की भेट तटस्थ जागी घडवा, घरात नको, कारण घर मोठ्याचं असतं. बरोबर आहे. पण लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला रस्त्यावर किंवा बागेत खाली ठेवायचं नसतं, मग तटस्थ जागा आणायची कुठून? आम्ही बिल्डिंगची गच्ची वापरली, तिथे दुसरे कुत्रे येत नाहीत. त्याआधी चकलीला वेटकडे दाखवून आणलं होतं आणि दोन दिवस बेडरूममध्ये वेगळं ठेवलं होतं, तिच्या खालचं फडकं शेरूला हुंगायला आणि त्याच्या पांघरुणाचा तुकडा तिला. मग गच्चीवर दोन माणसं, दोन पट्टे, पट्टे सैल, दोघांना अंतर ठेवून एकाच दिशेला चालवायचं, समोरासमोर नाही. कुत्र्यांच्या रीतीत सरळ तोंडावर चालून येणं उद्धटपणा असतो. मग दोन-तीन सेकंद हुंगू दिलं, हाक मारून बाजूला घेतलं, परत हुंगू दिलं. दहा मिनिटांत कार्यक्रम आटोपला. काहीच घडलं नाही, आणि काहीच न घडणं हीच चांगली पहिली भेट.

लसीबद्दल थोडं, कारण "तीन-तीन डोस कशाला, वेट पैसे काढतात" हे मी इतक्यांदा ऐकलंय. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून, चिकातून (हो, खरवसाचा तोच चीक, गाईचा असतो तेव्हा आपण वड्या पाडतो) तयार प्रतिकारशक्ती मिळते. ती आहे तोवर लशीलाही नीट काम करू देत नाही, आणि ती नक्की कधी संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं, कुणात ८ आठवड्यांना, कुणात १४ ला. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत १६ आठवड्यांपर्यंत जायचं, म्हणजे एक तरी डोस बरोबर त्या वेळेला लागतो. रेबीजची लस तीन महिन्यांच्या पुढे. आणि घरातल्या मोठ्याच्या लसी पण चालू हव्यात. तो बाहेर जाऊन येतो, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू त्याच्या पायाला, आपल्या चपलेला लागून घरात येऊ शकतो, हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलने मरेल या भरवशावर राहू नका. जागा आधी साबणाने स्वच्छ करून मग घरगुती ब्लीच एक भाग, पाणी ३० भाग, दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग धुवायचं, तोवर दोघंही दुसऱ्या खोलीत. ब्लीचमध्ये फिनेल, ॲसिड काहीही मिसळू नका प्लीज. जंतांचं औषध आणि गोचिडांचं औषध दोघांना वेटला विचारून, कारण एकाच्या अंगावर गोचीड म्हणजे दोघांच्या अंगावर गोचीड, आणि पिल्लाचा डोस वजनावर ठरतो, मोठ्याचं उरलेलं औषध त्याला लावायचं नसतं.

आता यात एक पेच आहे. लस १६ आठवड्यांना पूर्ण होते, आणि पिल्लाची जग ओळखण्याची खिडकी साधारण ३ ते १४ आठवड्यांतच उघडी असते. या काळात जे बघितलं, ऐकलं, हुंगलं ते "नेहमीचं" म्हणून बसतं, आणि जे नाही बघितलं त्याची नंतर भीती वाटू शकते. म्हणजे लशीची वाट बघत घरात कोंडलं तर खिडकी बंद. यावर उपाय साधा आहे, उचलून फिरवा. मी चकलीला ओढणीच्या झोळीत घालून कोथरूडभर फिरवलं, रिक्षा, बस, हेल्मेटवाली माणसं, ढोल-ताशाचा सराव लांबून, शाळा सुटतानाचा गोंगाट. घरात मोठा कुत्रा आहे म्हणून हे आपोआप होत नाही बरं का, चकलीला शेरू नावाचा एक कुत्रा माहीत होता, कुत्रे माहीत नव्हते.

घरातला मॉनिटर कोण हा प्रश्न सगळे विचारतात. अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, कोण? मोठ्याला आधी जेवण द्यायचं का? तर हे अल्फा प्रकरण आलं लांडग्यांवरून. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास लिहिला, ते एकत्र कोंडलेले लांडगे होते आणि जागेसाठी भांडत होते. डेव्हिड मीच या अमेरिकन अभ्यासकाने १९७० च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना पुढे नेली, आणि मग जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं बघून १९९९ मध्ये त्यानेच लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं असतात, अल्फा वगैरे शब्द तिथे लागूच होत नाही. त्यामुळे पिल्लाला उताणं पाडून धरणे, शेरूला "राजा" ठेवणे, असलं काही करायची गरज नाही. मी शेरूला आधी वाढते ते केवळ त्याला आधी सवय आहे म्हणून.

पण जेवण वेगळ्या खोलीत, यावर तडजोड नाही. दोघांची भांडी लांब, मध्ये दार बंद, खाऊन झालं की भांडी उचलायची. अगदी गरीब कुत्राही भांड्यावरून भांडू शकतो आणि ९ आठवड्यांच्या पिल्लाला मोठ्याचा एक चावा जीवघेणा ठरू शकतो. शिवाय दोघांचं खाणं वेगळं असतं. पिल्लाच्या खाण्यात कॅलरी जास्त, शेरूने ते महिनाभर चाटलं तर वजन वाढून कंबर आणखी धरेल. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, त्याला दोन वेळा. आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे दोघांनाही अजिबात नाहीत, द्राक्षं-मनुका-बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक असतात, कांदा आणि चॉकलेटही नको. प्रसाद आहे म्हणून नाही म्हणू नये असं आईचं म्हणणं होतं, त्यावर आमचं एक छोटं युद्ध झालं, शेवटी आता बिनबेदाण्याचा थोडा शिरा आधी काढून ठेवतो.

दुखण्याचं सांगायलाच हवं. म्हातारा कुत्रा चिडतो तो दर वेळी पिल्लावर चिडत नाही, कधीकधी त्याचे सांधे दुखत असतात आणि पिल्लू नेमकं तिथेच उडी मारतं. शेरू खेकसला तो दिवस मला आठवतोय, ती त्याच्या मागच्या पायावर पडली होती. एक्स-रे काढला तर खुब्याचा संधिवात. गोळ्या सुरू झाल्या आणि त्याचा स्वभाव पंधरा दिवसांत बदलला, जो मी "स्वभाव" समजत होते तो वेदना होती. तर पिल्लू आणायच्या आधीच म्हाताऱ्याची तपासणी करून घ्या, सांधे, डोळे, कान, दात. ऐकू कमी येत असेल तर झोपेत पिल्लू अंगावर आलं की दचकून चावू शकतो. आणि आपल्या घरातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल त्याला देऊ नका, माणसाची गोळी कुत्र्याला मारू शकते.

खेळ चाललाय की छळ, हे ओळखायची एक युक्ती वेटने शिकवली, ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. शंका आली की पिल्लाला पाच सेकंद धरून ठेवायचं आणि मोठा काय करतो ते बघायचं. तो पुढचे पाय खाली, बूड वर करून परत आमंत्रण देत आला, तर खेळ आहे, सोडा. तो संधी साधून सटकला, तर छळ होता. चांगल्या खेळात मध्ये मध्ये थांबा असतो, आणि पाळ्या बदलतात, कधी मोठा खाली पडतो कधी लहान. शेरू आडवा पडून चकलीला आपल्या मानेवर चढू देतो तेव्हा ती जिंकत नसते, तो देत असतो.

आणि झोप. पिल्लाला दिवसाला १८ ते २० तास झोप लागते, ती नाही मिळाली की ते झोप आलेल्या पोरासारखं पिसाळतं आणि म्हाताऱ्याच्या शेपटीला लटकतं. संध्याकाळी सात वाजता चकलीच्या अंगात यायचं ते यामुळेच, मला वाटायचं व्यायाम कमी पडतोय म्हणून मी अजून पळवायचे, म्हणजे आगीतून फुफाट्यात. बेबी गेटच्या पलीकडे अंधारात टाकलं की तीन मिनिटांत ढेर. ते गेट घरात सगळ्यात उपयोगी वस्तू ठरली, लहान मुलांसाठी मिळतं तेच, सेकंडहँड घेतलं. शेरूला त्याच्या बाजूला शांतता, आणि दोघं एकमेकांना बघूही शकतात.

दिवाळीचं मी मुद्दाम ठरवून केलं. शेरू फटाक्यांना घाबरतो, थरथरतो, बाथरूममध्ये जाऊन बसतो. गुण लागण्याची भीती इथे खरी होती. म्हणून त्या चार दिवसांत संध्याकाळी दोघं वेगळ्या खोल्यांत, शेरू आईजवळ, खिडक्या बंद, पंखा फुल, आणि चकली माझ्याकडे, बाहेर एक बार झाला की तिच्यापुढे चिकनचा एक तुकडा, आवाज आधी आणि तुकडा नंतर, उलटं नाही. तिसऱ्या दिवशी ती आवाज झाला की माझ्या हाताकडे बघायला लागली. शेरूला मात्र पुढच्या वर्षी आधीच वेटकडे नेऊन औषधाचं विचारणारे, त्याने ९ दिवाळ्या सहन केल्यात.

आता डिसेंबर, चकली सात महिन्यांची. पिल्लाला माफ असलेल्या गोष्टी आता तिला माफ नाहीत, शेरू आता लवकर गुरगुरतो आणि ती खरंच ऐकते, बाजूला होते, तेव्हा मी मध्ये पडत नाही. ती ऐकत नसेल तरच उठते. पहिला माज (म्हणजे मादीचं वयात येणं) ६ ते १२ महिन्यांत कधीही येऊ शकतो, शेरूची नसबंदी झालेली आहे पण गल्लीतल्या नरांची नाही, म्हणून तिची नसबंदी पुढच्या महिन्यात ठरवलीये. टाके भरेपर्यंत दहा-बारा दिवस उड्या बंद, म्हणजे परत वेगळ्या खोल्या, वेगळ्या फेऱ्या. बेबी गेट काढून माळ्यावर टाकायचं ठरलं होतं, ते आता राहू दे म्हटलं.